आत अजून काल आहे

तीन वाजून दहा मिनिटांनी लहू खंदारेंचा फोन :
"मॅडम, तुमच्या ॲपात अजून कालचीच यादी दिसतीय.
आठ टँकर भरून उभेत फुरसुंगीच्या पॉइंटवर.
कालच्याच सोसायट्यांना परत टाकू का पाणी?"

मी वारज्यात, ओट्यापाशी उभी,
लॅपटॉप मिक्सरशेजारी,
कारण चार्जर त्याच सॉकेटात नीट बसतो.
खाली हायवेवरून ट्रक बेंगळुरूकडे चाललेत
आणि मी चाललेय आत :
आधी व्हीपीएन, मग ओटीपी, मग जंप सर्व्हर,
दर दाराशी नाव-गाव सांगत,
शेवटी एक कमांड, आणि कर्सर लुकलुकतो
अशा खोलीत
जी कुठल्या गावात आहे ते मलाही ठाऊक नाही.

कंटेनरमध्ये शिरलं की आधी कळतं
काय काय नाहीये.
एडिटर नाही. पिंग नाही.
वरचा बाण दाबला तर मागचं काही आठवत नाही त्याला.
सदाशिव पेठेतली कॉट बेसिसची खोली जशी :
एक खाट, एक खिळा,
बाकी मालकांना विचारा.
मी चवड्यांवर चालते.
एलएस. कॅट. पुन्हा एलएस.
हे चालतं घर आहे,
या घटकेला इथे कुणाचं तरी शिजतंय,
कढईला धक्का लागायला नको.

लॉग वाचले. कसलीच तक्रार नाही.
सगळं दोनशे, सगळं हिरवं,
नको इतकं स्वच्छ.
मग वाटेत कुणालाही विचारावं तसं विचारलं,
किती वाजले?
तो म्हणाला, रात्रीचे नऊ पंचावन्न.
तारीख कालची.

खोटं नव्हतंच ते.
ग्रीनिचचं घड्याळ बांधून
तो इमानाने कालमध्ये बसला होता.
टँकर आजवर सहाला निघायचे,
तोवर दोन्हीकडची तारीख जुळलेली असायची.
उन्हाळा म्हणून आजपासून चारला.

टेम्पमध्ये एक फाइल होती. नाव : चहा.
आत एकच ओळ, रोमन अक्षरांत मराठी :
साडेपाचच्या आत ह्याला आज कळत नाही.
बघायचंय. चहानंतर. नि.

निसार तांबोळी.
त्या मंगळवारी तीनला त्याला वर बोलावलं,
साडेतीनला कार्ड, लॅपटॉप, हेडफोन टेबलावर.
त्याचा ॲक्सेस मी काढला. तिकीट माझ्या नावावर होतं.
'कारण' या रकान्यात मी लिहिलं, लागू नाही.
एकसष्ट दिवस या कंटेनरला कुणी हात लावला नाही
म्हणून ती ओळ राहिली.
चहा राहिलाच.

टाइमझोन बदलायचा तो बाहेरून, कॉन्फिगमध्ये,
आणि मग रीस्टार्ट.
रीस्टार्ट म्हणजे हा मरेल,
याच नावाचा, वेगळ्या शेपटीचा दुसरा उभा राहील,
त्याच्या टेम्पमध्ये काही नसेल.
किराण्याच्या यादीचं पेन घेऊन
ती ओळ महावितरणच्या बिलामागे उतरवली.
मग एंटर.

शेल तुटलं.
चाळीस सेकंद काहीच नाही.
फ्रीज गुरगुरला, थांबला.

पुन्हा आत गेले. विचारलं.
तीन बावन्न. आजचेच.
टेम्प पाहिलं, उगाच.

निसारला टाइप केलं : सापडलं. तुझं बरोबर होतं.
पुसलं.
'तुझं बरोबर होतं' एवढंच ठेवलं.
तेही पाठवायची ही वेळ नव्हे,
दुसरी कुठली आहे ते सुचेना.

लहूंचा फोन : "आली यादी. पहिली उंड्रीची. निघतो."
मग इंजिनाच्या आवाजातून,
"तुमच्याकडं येतं का हो पाणी?"
दिवसाआड, मी म्हटलं.
"मग आज, का उद्या?"
ओट्यावरच्या पिंपाचं झाकण उचलून पाहिलं,
चटकन सांगता येईना.